टेपच्या शेवटी

फर्मिनला चोरीसुद्धा धड करता येत नव्हती. मावसभाऊ आबेलने बनवलेला संगणकाचा खेळ उचलला, त्याला दुसरं नाव दिलं, खेळातल्या बेकरीवाल्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवलं, हातातल्या लांबड्या पावाला रंग फासून त्याची तलवार केली, आणि खेळ ज्या कॅसेटवरून संगणकात चढवतात तिच्या डबीवर स्वतःचं नाव छापलं. आई गेल्यावर ज्या मावशीने त्याला रोज जेवू घातलं, तिच्याच पोराला नावापुरतीही जागा ठेवली नाही.

ती मावशी, कासिल्दा, माद्रिदच्या संगणक प्रदर्शनात त्याच्या स्टॉलसमोर येऊन उभी राहिली. अंगात रविवारचा काळा कोट, काखेत बेकरीतला पीठ बसलेला टेपरेकॉर्डर.

आत बार्सेलोनाचा वितरक रोविरा पेनचं टोपण काढून बसला होता. आजवर माद्रिदमध्येच विकला जाणारा हा खेळ त्याच्या सहीने देशातल्या टपरीटपरीवर लागणार होता. मग आबेलचा खेळ आबेलचा म्हणून कोण मानणार? ‘ओर्नो’, म्हणजे भट्टी, ही कंपनी दोघा मावसभावांनी भट्टीमागच्या खोलीत मिळून काढलेली. फर्मिन तिथून मूळ टेप घेऊन पळाला, तेव्हापासून आबेल संगणकाला शिवला नव्हता. मुकाट पीठ मळायचा.

“मावशी! अगं, तू इथे? ये, हॅम घे थोडं.”

“तुझ्या हातचं नको. तुझी कॅसेट आणलीय. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीतून, रोख पैसे देऊन.” तिने टेपरेकॉर्डर नेमका करारावरच ठेवला. “ऐकवायचीय.”

फर्मिन रोविराकडे बघून हसला. “खेळाची टेप आहे ती, गाण्याची नाही. नुसती किंचाळते.”

“ठाऊक आहे. डुक्कर कापल्यासारखी. अख्खी ऐकलीय मी.”

“अख्खी?” रोविराच्या भुवया वर गेल्या. “बाई, खुद्द आम्हीसुद्धा कधी ऐकत नाही.”

“काय चोरीला गेलं ते कळायला नको?”

“खेळ मशीनवर चढला की टेप बंद करायची असते गं,” फर्मिन म्हणाला. “पुढे काही नसतं.”

“नसतं ना? मग घाम कशाचा आलाय?”

तिने बटण दाबलं. टेप किंचाळली. शेजारच्या स्टॉलवरच्यांनी कानावर हात ठेवले. मग किंचाळणं थांबलं आणि नुसती खरखर उरली. फर्मिनचा हात बटणाकडे सरकला. गरम पावावर पडणाऱ्या हातावर लहानपणी बसायची, तशीच चापट आत्ताही बसली.

खट्. मूळ टेप भरताना कुणीतरी संगणकाची तार रेकॉर्डरमधून उपसली होती, पण टेप भरतच राहिली होती. ताटांचा आवाज आला. मग कासिल्दाचा.

“फर्मिन! आबेल! चला जेवायला, कोसिदो निवतोय. आणि काय रे फर्मिन, तो बिचारा रात्रंदिवस खेळ बनवतोय, तू नुसता बसून बघतोस. ताटं तरी मांड!”

“आई, थांब, टेप चालू आहे!” हा आबेल. आणि टेप संपली.

फर्मिनने बदललेला खेळ त्याच मूळ टेपवर भरून तिच्याच प्रती काढल्या होत्या; शेवट पुसायचा राहून गेला होता. रोविराने ढिगातली दुसरी डबी फोडली, टेप पुढे पळवली. तिच्याही शेवटी ताटं वाजली. तिच्याही शेवटी कोसिदो निवत होता.

त्याने पेनला टोपण लावलं. “हा आबेल कुठे भेटेल, बाई?”

“भट्टीवर. इथल्याच काराबांचेल वस्तीत कुणालाही विचारा.”

“मावशी,” फर्मिन हळूच म्हणाला, “घरातलं घरात मिटवता आलं असतं गं.”

कासिल्दाने टेपरेकॉर्डर काखेत मारला.

“जेवढ्या टेपा विकल्यास ना, तेवढ्या घरांतून मी तुला जेवायला हाक मारत राहीन, फर्मिन. माझ्या घरातून मात्र आता मारणार नाही.”