मोडलेलं टोक

या, अगदी जवळ सरकून बसा. बहरीनमधल्या एका माळकऱ्याची गोष्ट सांगतो.

हरिदासला रजा हवी होती. गावी आईनं अंथरूण धरलं होतं. पण त्याचे साहेब, फैसल, मासेमारीचे भारी वेडे. म्हणायचे, "तू मेरे साथ चल. मच्छी आया तो छुट्टी भी आया, इंशाल्ला!" म्हणून दर शुक्रवारी दुपारी, सुटल्या वाऱ्यात, बुसैतीनच्या किनाऱ्याशी उथळ पाण्यात दोघं गुडघाभर उभे. साहेबांना जवळचं दिसत नसे, तेव्हा गळाला माशांना भुलवणारी पिसांची नकली माशी बांधायचं काम हरिदासचं. गळ्यात तुळशीची माळ, आणि हातून जीवहत्या? तो गुपचूप गळाचं टोकच मोडून ठेवी. मासे वाचत, रजा अडकून राही. असे दोन हिवाळे गेले.

परवा आई फोनवर म्हणाली, "आता नाही रे धीर धरवत."

आज त्यानं टोक मोडलं नाही. "देवा, हे पाप माझ्या माथी," म्हणाला, आणि मासा लागला!

साहेबांनी ओल्या हातांनी तो अलगद सोडवला, डोळे भरून पाहिला, आणि परत पाण्यात सोडून दिला.

"मैं कभी मारता नहीं. उसका भी घर है ना, हरिदास?"



रजा मिळाली, हरिदासचं विमान उद्याचं आहे. तोवर, मायबापहो, संध्याकाळी हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.