नावं संपेपर्यंत

बाथरूमच्या पडद्याआडून सुरा आला, तेव्हा जांभया देणारं थिएटरही किंचाळलं. पण कुकरच्या शिट्टीला दचकणारी सुनीती ढिम्म बसून राहिली. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिने हा सिनेमा आधी पाहिलाय! पण कुणाबरोबर?

असले चावट सिनेमे तिला मुळीच खपत नसत, तरी आजची तिकिटं तिनेच हट्टाने काढली होती. सिनेमा तर पार भिकार निघाला. नायक लंपट, नायिका कपटी आणि इन्स्पेक्टर त्या दोघांहून नालायक. कुणीही मेलं तरी हळहळ वाटू नये.

शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली. लोक दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडत उठले. रांगेत हे दोघंच उरले. सुनीती हलायलाही तयार नव्हती. आता श्रीरंगची खात्रीच पटली.

"नावांनंतर अजून एक सीन आहे, हे तुला कसं माहीत?" त्याने दरडावून विचारलं.

"अजून आहे होय?" सुनीती शांतपणे म्हणाली. "माझं पडद्याकडे लक्षच नव्हतं. मी मघापासून तुलाच बघतेय. म्हटलं, हा का उठत नाही?"