सूचनापेटी

चाकणच्या कंपनीत वर्धापनदिनाचा मांडव भरला होता. जनसंपर्क अधिकारी फरहीननं लिहिलेलं भाषण साहेब वाचत होते: “कामगारांची प्रत्येक सूचना आम्ही वाचतो.” भाषणानंतर उत्तम सूचनेला बक्षीस होतं, म्हणून ती गेटजवळची सूचनापेटी उघडायला धावली. फटीतून चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या, पण कुलूप सापडेना. चारी बाजूंनी पत्रा वेल्ड केलेला. तिनं वेल्डर चांदभाईंना बोलावलं. “पेटी तुम्हीच बनवलीत ना? दार कुठाय?” “ड्रॉइंगमध्ये नव्हतंच, मॅडम. तीन वर्षांत कुणी विचारलंही नाही.” तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. “अगं, किती वेळ? तूच एखादी चिठ्ठी लिहून आण. कोण बघतंय?” मांडवात टाळ्या पडल्या. फरहीननं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं. चांदभाईंनी ग्राइंडर उचलला. “कापू का?” “इथं नको. तिकडून धरा, स्टेजवर नेऊ. तिथंच कापा.”