शेवटच्या रांगेचं माप

"आज टेपची चकरी मी नेतो," जैनुद्दीन म्हणाला, आणि आकाराम सुभेदाराचं तोंड उतरलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं कबरस्तानात यायचे. कृष्णेचा काठ किती ढासळला ते मोजायचं आणि विश्रामबागच्या कॉलेजातल्या मॅडमना फोनवर कळवायचं, एवढंच काम. पगार नाही, चहासुद्धा घरचाच. शेवटच्या रांगेत एक लोखंडी गज ठोकलेला होता. जैनुद्दीन टेपचं शून्याचं टोक गजाला दाबून धरायचा, सुभेदार चकरी सोडत कडेपर्यंत जायचा आणि तिथून आकडा ओरडायचा. जैनुद्दीनला मोतीबिंदू. चाळीस वर्षं गावाची मापं घेतलेल्या टेलरला टेपवरचे आकडेच दिसेनासे झाले होते. आता मिरजेला ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा परवाच सुटला होता.

"कडंला जाऊ नगासा, भाई. माती भुसभुशीत हाय," सुभेदार म्हणाला. "तुमी शून्य धरा. मी हाय की."

"दीड वरीस शून्यच धरतुया. आण हिकडं."

सुभेदारानं चकरी दिली. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण त्याला एक धड सबब सुचली नाही. तो गजापाशी उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

जैनुद्दीन चालू लागला. पाचव्या पावलालाच जमीन संपली. तो दचकून थांबला. खाली पाणी गढूळ होतं, पुरात वाहून आलेला ऊस उघड्या पडलेल्या मुळांत अडकून काळा झाला होता. त्यानं टेप ताणली, अंगठा ठेवला, आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. सदऱ्याचं मापसुद्धा तो दोनदा वाचायचा.

"सुभेदार, गेल्या महिन्यात किती सांगितलं हुतंस?"

सुभेदारानं टेपचं टोक गजावर आणखी घट्ट दाबलं. जैनुद्दीनच पुढं म्हणाला,

"पाच मीटर चाळीस. हे तीन वीस हाय. मधी ना पूर, ना पाऊस. एका महिन्यात दोन मीटर जातंय व्हय रं?"

"न्हाई," सुभेदार म्हणाला. "पाचाच्या खाली कवाच गेलंय. आखाडातच."

याच मापानं काठ पाच मीटरच्या आत आला की शेवटच्या रांगेत कुणालाही माती द्यायची नाही, असा जमातीचा ठराव होता. त्याच रांगेत जैनुद्दीनच्या बायकोची, जीनतची कबर होती. तिच्या शेजारची मोकळी जागा त्यानं स्वतःसाठी सांगून ठेवली होती, आणि दर महिन्याला गज धरल्या धरल्या तो हे सुभेदाराला न चुकता ऐकवायचा.

"तुमी त्या जागंकडं बघत बोलत बसायचासा," सुभेदार म्हणाला. "माज्या तोंडातनं खरा आकडा निघंना. म्हनलं, भाई हाईत तवर पाचाच्या वरच ऱ्हाऊ दे."

आपल्यासाठी कुणी एवढं खोटं बोलावं, याचा जैनुद्दीनला आधी आनंद झाला. खरंच झाला. मग त्याची नजर जीनतच्या पलीकडच्या कबरीवर गेली. तिची माती अजून बसली नव्हती. उशाशी लावलेला सब्जा नुकता धरला होता.

"आपल्या गल्लीतल्या रिजवानच्या आईला दोन महिन्यांमागं हितं ठिवलं," तो म्हणाला. "तुज्या आकड्यावर."

कडेची एक ढेप सुटली आणि पाण्यात पडली. तिचा आवाज दोघांनीही ऐकला.

जैनुद्दीननं फोन काढला. एकेक अक्षर शोधत त्यानं मॅडमना लिहिलं: तीन मीटर वीस. मागचे चार आकडे चुकले. चूक माझी, नजर कमी होती.

पाठवण्याआधी त्यानं ते सुभेदाराला वाचून दाखवलं. सुभेदार काहीतरी बोलू लागला, तेव्हा त्यानं हातानंच गप्प केलं.

"कॉलेजला हे बास. रिजवानला मातूर खरं सांगायचं. दोघांनी जाऊन."

"व्हय."

संदेश गेला. जैनुद्दीननं टेप सोडली, जीनतच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरचं वाळकं गवत हातानं बाजूला केलं आणि तिथंच मांडी घालून बसला.

बराच वेळ तो उठेना. टेप गुंडाळून सुभेदार जवळ आला. "चला, भाई. ऊन लागंल."

"तू हो म्होरं," जैनुद्दीन म्हणाला. "हितं पुरायला बंदी झालीया. बसायला न्हाई."