गोजाबाईच्या फळीवरची भांडी

निगडीत गोजाबाईच्या ज्वारीच्या रानावर बंगल्यांची सोसायटी उभी राहिली. तिच्याकडं कडेचं कौलारू घर आणि आठ कोंबड्या तेवढ्या उरल्या. एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरराव अर्ज घेऊन तिच्या अंगणात आले. अर्जावर सात घरांच्या सह्या होत्या, पहिली त्यांचीच. बाकीचे सहाजण मागं उभे होते.

"सगळी शाकाहारी माणसं राहतात इथं, गोजाबाई. आठ दिवसांत या कोंबड्या हलवा."

"हलवते की. पर आदी माझी फळी मोकळी करा," म्हणत गोजाबाईनं घरातून सात लहान पातेली आणली आणि ओट्यावर दाणदाण मांडली.

"डाक्टरनं तुमच्या पोरांना अंडं सांगितलंय, आन तुमच्या सैपाकघरात त्ये चालत न्हाई. तुमी कंपनीत गेलात की तुमच्या बायका पोरं घिऊन हितं येत्यात, माझ्या चुलीवर अंडी उकडत्यात आन भांडी हितंच ठिवून जात्यात. मला वाचता येत न्हाई. वरची नावं तुमीच वाचा आन ज्याचं त्याला द्या."

प्रभाकररावांनी तावातावानं पहिलं पातेलं उचलून त्यावर कोरलेलं नाव वाचलं. मग दुसरं, तिसरं. नाव निघेल तो माणूस मुकाट्यानं फाटकाकडं सरकत होता. सातवं पातेलं हातात घेतलं आणि प्रभाकरराव ते अर्जाखाली झाकू लागले.

"थांबला का? वाचा की मोठ्यानं!"



'चि. प्रभाकर यास मुंजीनिमित्त आत्याकडून सप्रेम भेट.'