कामाचं कार्ड

राजुरीच्या आरतीच्या घरच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या मशीनचं ड्रॉइंग उघडलं, की तो अडकून बसायचा. म्हणून आठवड्यातले दोन दिवस तिला चाकणच्या ऑफिसात जावं लागे. त्या दोन दिवसांचे कपडे ती रविवारीच हौसेनं इस्त्री करून ठेवायची.

शेवटी सासरे, धर्माजी, तिला जुन्नरला कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आले.

"गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड स्वस्त आहे, पण एवढ्या मोठ्या ड्रॉइंगला अडखळेल," दुकानदार पीयूष म्हणाला. "प्रोफेशनल महाग आहे, पण कुठं अडणार नाही."

"गेमिंगचंच द्या, भाऊ," आरती घाईनं म्हणाली.

"पैशाचा इचार तू नको करू, पोरी," म्हणत सासऱ्यांनी महागाचा खोका मायेनं तिच्या हातात ठेवला.



"आता चाकणला जायची गरजच न्हाई," ते म्हणाले. " घरीच बस निवांत."