डावा कोपरा

"हे घट्ट बसेल, पण पुन्हा निघणार नाही," कॅमेरे दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला आणि चपलांना लावायच्या सोल्युशनचा डबा पुढे सरकवला.

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. कॅमेऱ्यावरचं काळं कातडं पुढून सुटून लोंबत होतं. झटपट सुकणाऱ्या गमाने कडा पांढऱ्या पडतात, हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप उन्हाळ्यात सरकते, हे मिस्त्रीनेच सांगितलं.

"कंपनीत काय लावायचे त्या काळी?"

"लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून. सुकायला दिवस जातो. पण आतल्या स्क्रूपर्यंत जायचं झालं, तर कातडं न फाटता निघतं."

"मग लाखच लावा. वासही तोच येऊ दे."

इतकं चोखंदळ गिऱ्हाईक मिस्त्रीने पाहिलं नव्हतं. कॅमेरा मिसेसचा का, असं त्याने हसत विचारलं. म्हातारा हो म्हणाला. तिला जाऊन सात महिने झाले होते. मिस्त्रीचं हसू ओसरलं.

कातडं पुसून चकचकीत करू नका, असं म्हाताऱ्याने बजावलं. खालचा डावा कोपरा तर चिकटवायचाच नाही. लेक लहानपणी तिथे नख खुपसत बसायची आणि आईची चापट खायची. तो कोपरा उचललेलाच हवा.

"लोक कोपरा बसवायला येतात, काका. तुम्ही उठवायला आलात."

लेक त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. आईच्या आजारपणात बाबांनी हात आखडता घेतला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. त्यालाही ते नाकारता येत नव्हतं. शेवटी त्याने फोन केला आणि आईचा कॅमेरा तुला द्यायचाय, म्हणून सांगितलं. "आईचा?" एवढंच तिने विचारलं. मग पुढच्या रविवारी येते म्हणाली.

कॅमेरा घरी आल्यावर आठवडाभर तो रोज खिडकीशी बसून कातड्यावरून अंगठा फिरवत राहिला. उजवीकडे, बायकोची पकड असायची तिथे. शनिवारपर्यंत तेवढी जागा गुळगुळीत झाली.

रविवारी लेक आली. चहा नको म्हणाली. त्याने कॅमेरा तिच्यासमोर ठेवला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. डाव्या कोपऱ्यावर तिचं नख थांबलं आणि डोळे भरून आले.

त्याच्या जिवात जीव आला. तो लाखेबद्दल सांगत सुटला, टेपबद्दल, मिस्त्रीबद्दल. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग कॅमेरा हलकेच टेबलावर ठेवला.

"बाबा, हा कुठून आणलात?" तिने विचारलं. "आईचा वर्षभरापासून माझ्याकडेच आहे. तुम्ही विकून टाकाल, म्हणून तिनेच दिला होता."